ए डबा, बी डबा आणि भीमाबाईचं गाणं

बुधवार, २ एप्रिल २०२५

भिलाईच्या पोलाद प्लांटच्या पंप हाउसमध्ये छत्तीस वर्षं लॉगबुक लिहिलं. रिटायर झालो तेव्हा स्टोअरवाल्याने एक कोरं रजिस्टर हातात ठेवलं, म्हणाला, घेऊन जा गजभिये, आठवण. दोन वर्षं ते कोरंच पडून होतं, कारण घरी नोंद करण्यासारखं काही चालूच नव्हतं. आज चालू झालं.

सकाळी बायकोने, मथुराने, दिवाणाचं झाकण उघडलं आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. आत माझ्या व्हिडिओ कॅसेटी. एकूण पाचशे चाळीस. १९९२ साली मी कॅमेरा घेतला. ड्युटी सुटली की लग्नं शूट करायचो. खुर्सीपारपासून प्लांट कॉलनीच्या सेक्टरांपर्यंत आपल्या विदर्भाकडच्या लोकांचं एकही लग्न, एकही जयंतीची मिरवणूक, एकही सेवानिवृत्तीचा हार माझ्या कॅमेऱ्यातून सुटला नाही. मथुरा सोबत असायची, लाईट धरायला. हजार वॉटचा हॅलोजन. एकदाही कुरकुर केली नाही. फक्त तिचा हात हलायचा, मग सावल्या नाचायच्या, मग मला ओरडावं लागायचं.

मी विचारलं, काय झालं.

"बुरशी लागून राहिली याले," ती म्हणाली. "आयका. खुर्सीपारले मावशीच्या पोरीच्या लग्नात माही माय गायली होती. तिचा आवाज यातच हाय कुठंतरी. तेवढा काढून द्या. मंग बाकीच्या ठेवा नाही तं फेका, मले काई घेणं नाही."

सासूबाई, म्हणजे भीमाबाई, अठ्ठ्याण्णव साली गेल्या. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. फोटो दोन आहेत, दोन्हीत तोंड बंद.

अडचण अशी की कॅसेटींवर नुसते नंबर आहेत. कोणत्या नंबरात कोणाचं लग्न, ते लिहिलेली वही क्वार्टर सोडून स्मृति नगरला आलो तेव्हा वाळवीने खाल्ली. म्हणजे सगळ्या लावून बघणं आलं. आणि लावायच्याच आहेत तर एकेकदाच लावून सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्याव्यात, असं मी ठरवलं. काम करायचं तर पद्धतशीर.

शुक्रवार, ४ एप्रिल

समीक्षाला फोन केला. लेक हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये आहे. हिशोब तिनेच करून दिला: एक कॅसेट चांगल्या दर्जाने उतरवली तर तीस जीबी, पाचशे चाळीसचे सोळा टीबी. एवढं साठवायचा तयार सर्व्हर मिळतो, पण त्या पैशात जुनी स्कूटर येते.

"बाबा, आजीचं एक गाणं पाहिजे ना? एक पेनड्राइव्ह बस है."

आजकालच्या पोरांना मोठा विचार करताच येत नाही. मी सांगितलं की जुना कॉम्प्युटर घेऊन त्याला बाहेरून एनक्लोजर जोडून स्वतःच बांधतो. एनक्लोजर म्हणजे लोखंडी डबा. त्यात पाच खण, प्रत्येक खणात एक हार्ड डिस्क, त्याचा स्वतःचा पंखा, स्वतःचं बटण. मागून एक तार निघते ती कॉम्प्युटरला. पंप हाउसमध्ये याहून अवघड जोडण्या मी डबा खाता खाता केल्या आहेत.

समीक्षाने हिशोब पुन्हा करून बघितला. मग म्हणाली, "मग दोन घ्या. एक मेन, एक बॅकअप."

हे मात्र शहाण्यासारखं बोलली. एक रनिंग, एक स्टँडबाय. रक्तातच आहे तिच्या.

मंगळवार, ८ एप्रिल

सुपेला बाजारात गेलो. कमलेशचं दुकान चौकाच्या मागच्या गल्लीत आहे. जुने कॉम्प्युटर, जुन्या डिस्का, दारात एक मेलेला प्रिंटर. त्याला दहा डिस्का, दोन डबे आणि एक कॉम्प्युटर मागितला.

"अंकल, इतने में तो पूरे मार्केट का सीसीटीवी आ जाएगा. रखना क्या है?"

"शादियां," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे दोनदा बघितलं. डिस्का सेकंडहँड पण तपासून दिल्या. एकेक कानाला लावून ऐकली मी. बेअरिंगचा आवाज मला डॉक्टरपेक्षा लवकर कळतो. दोन बदलून घेतल्या.

ऑटोत सामान मांडीवर घेऊन आलो. मथुराने दार उघडलं आणि विचारलं, "कॅसेट लावली का एखादी?"

आधी सिस्टिम, मग कॅसेट. असं कसं लावता येईल?

शुक्रवार, ११ एप्रिल

मोबाइल अडकायला लागला. स्टोरेज फुल. बघतो तर मथुराच्या माहेरच्या ग्रुपवरचे सुप्रभात, फुलं, गरम पाणी पिण्याचे फायदे. चौसष्ट माणसं आणि सगळी रोज पहाटे उठणारी. सोळा टीबीचा सर्व्हर बांधणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये जागा नाही हे शोभत नाही. ग्रुप सोडला.

मथुरा म्हणाली, "काई कामाचं आलं म्हंजे?"

चौसष्ट माणसांत कामाचं काय येणार!

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात, संध्याकाळी मिरवणूक. पहिल्यांदा कॅमेऱ्याशिवाय चाललो, हातांचं काय करावं ते कळेना. सिस्टिमचं काम बंद.

शनिवार, १९ एप्रिल

कमिशनिंग झालं.

भैयालाल आला होता. पंप हाउसमध्ये बी शिफ्टला माझा जोडीदार, गोंदियाकडचा, आता दोन गल्ल्या सोडून राहतो. आम्ही अँगलचा रॅक बनवला, खाली रबराच्या पट्ट्या दिल्या म्हणजे व्हायब्रेशन नको. उन्हाळा एक्केचाळीसच्या वर गेला म्हणून रॅक कूलरच्या समोर. भैयालालने खडूने लिहिलं: ए आणि बी. आम्हा दोघांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

समीक्षाने हैदराबादहून बसल्या बसल्या आमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून एक प्रोग्रॅम टाकला. त्यात दोन चौकटी आहेत. एक 'कुठून', दुसरी 'कुठे'. रोज सकाळी अकराला 'कुठून'मध्ये जे आहे ते हुबेहूब 'कुठे'मध्ये होतं. कमी असेल ते भरतो, जास्तीचं असेल ते पुसतो. आता 'कुठून' म्हणजे ए डबा, 'कुठे' म्हणजे बी डबा. तपासायला तिने बी डब्यात आपल्या ऑफिसातल्या केक कापण्याचा एक व्हिडिओ टाकून बघितला. चालला.

"बाबा, बस. अब उसको हाथ मत लगाओ," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर भैयालालने डब्यांकडे बोट दाखवलं. "गजभिये, दोन्ही कावून चालू हायेत बे?"

बरोबर होतं त्याचं. स्टँडबाय चालू ठेवतात का कोणी? बी डब्याचं बटण बंद केलं आणि वर जुना लाल टॅग लटकवला: स्टँडबाय, हात लावू नये.

गुरुवार, २४ एप्रिल

पहिली कॅसेट, नंबर एक. कोणाच्या तरी मुलाचं बारसं. पंचेचाळीस मिनिटं पाळणाच दिसतो. तेव्हा मला झूम नवीन होता.

मथुरा म्हणाली, "मधातली एखादी लावून पाहा ना. माय कुठं बी असू शकते."

क्रमाने जायचं. एकदा क्रम मोडला की कोणती झाली आणि कोणती राहिली याचा मेळ लागत नाही.

सकाळी अकराला पडद्यावर एक लाल चौकट आली, इंग्रजीत दोन ओळी. मी ओके दाबलं. गेली. कंट्रोल रूममध्ये दिवसातून चाळीस अलार्म यायचे. अ‍ॅक्नॉलेज केला की गप्प बसतो.

मंगळवार, २९ एप्रिल

कॅसेट १३ पर्यंत मजल. सगळं नॉर्मल. अकराचा अलार्म, अ‍ॅक्नॉलेज.

भैयालालचं लग्नातलं नृत्य सापडलं, त्याच्या साळ्याच्या लग्नातलं. डोक्यावर पितळी गुंड, गुंडात पाणी नाही हे त्याने सगळ्यांना उलटा करून दाखवलं आणि मग पाणी निघालं. त्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, पुसून टाक. मी म्हटलं, आता हे दोन डब्यांत कायमचं सुरक्षित आहे.

समीक्षाने फोनवर विचारलं, "आई दिसते का हो कुठे?"

तेरा कॅसेटींत तरी नाही. तिला कॅमेऱ्याची फारशी आवड नसावी.

बुधवार, ७ मे

सापडली. नंबर ३८.

दुपारी लावली. अर्ध्या पट्टीला बुरशी, चित्रावर पांढरे पट्टे. मंडप, हळद, बायका गोल बसलेल्या. आणि मध्ये भीमाबाई. मी मथुराला हाक मारायला तोंड उघडलं, तर ती माझ्या मागेच उभी. पिठाचे हात तसेच.

सासूबाई गात होत्या. भिलाईला येणाऱ्या लेकीचं गाणं, त्यांनी स्वतःच जुळवलेलं असावं:

भिलाईची गाडी, तिले लोखंडाची चाकं,
माय फलाटावर उभी, बाई मांगं वळून पाह्य.

चार मिनिटं चाललं.  सुरुवातीलाच मथुराने तशाच हाताने मोबाइल काढला आणि तो टीव्हीसमोर लांब धरून उभी राहिली. चष्मा लागला तरी मोबाइल लांब धरून वाचायची सवय काही गेली नाही तिची. अशा वेळीसुद्धा मोबाइल!

तांत्रिक बाजू सांगायची तर फ्रेमिंग उत्तम. एकच दोष. सासूबाई पूर्ण चार मिनिटं माझ्या डावीकडे बघतात. कॅमेरा समोर आणि नजर बाहेर. मी तेव्हाही वैतागलो असणार. आजही तोंडातून निघालंच.

गाणं संपलं आणि व्हीसीआरने कॅसेट खाल्ली. पट्टी गुंडाळून चिंधी झाली. पण काळजी नाही, माल ए डब्यात पोचला होता. लगेच पुन्हा लावून बघितला. आवाज स्वच्छ.

मथुराने आपल्या मोठ्या बहिणीला, तुमसरच्या मनकर्णाताईंना फोन केला. त्या पुढच्या शनिवारी म्हणजे १७ तारखेला येत आहेत, मोठ्या टीव्हीवर मायला बघायला. फोनवर दोघी रडल्या. मला फार बरं वाटलं. सव्वा महिना एका कामाला लागलो होतो आणि ते काम कोणाच्या तरी उपयोगाला आलं.

रविवार, ११ मे

उतरवलेल्या अडतीस कॅसेटी भंगारवाल्याला दिल्या. मथुरा नको म्हणत होती, पण ठेवा नाही तर फेका, हे तिनेच सांगितलं होतं. ३८ नंबरची पट्टी मी स्वतः कात्रीने बोटाबोटाएवढी कापली. प्लांटचा नियमच आहे, कंडेम झालेला माल तोडूनच बाहेर पाठवायचा, नाही तर कोणी तो परत वापरतो.

सोमवार, १२ मे

बुद्ध पौर्णिमा. विहारातून येऊन खीर खाल्ली आणि एक महत्त्वाचं काम केलं.

सिस्टिमचा पंधरा दिवसांचा ट्रायल पूर्ण झाला होता. आता चेंजओव्हर. जो पंप बसून राहतो तो जाम होतो, आणि रनिंग पंप ज्या दिवशी बिघडतो नेमका त्याच दिवशी स्टँडबाय फिरत नाही. म्हणून सोमवारी पाळी बदलायची. समीक्षाला हे विचारण्यात अर्थ नव्हता, तिने पंप बघितलेला नाही.

पद्धत अशी. आधी स्टँडबाय सुरू करायचा. मग अर्धा तास दोन्ही सोबत चालवायचे. लोड इकडून तिकडे गेला की पहिला बंद. भैयालालला मुद्दाम बोलावलं. पावणेअकराला बी डबा सुरू केला, लाल टॅग काढला. प्रोग्रॅममध्ये 'कुठून'च्या चौकटीत बी टाकला आणि 'कुठे'च्या चौकटीत ए. अकराला प्रोग्रॅम चालला, आणि आज पहिल्यांदाच लाल अलार्म आला नाही. हिरवी चौकट! भैयालालने माझ्याशी हात मिळवला.

सव्वा अकराला ए डबा बघितला तर पूर्ण हलका, एक टीबीहून जास्त जागा नव्याने मोकळी. लोड बीवर गेला होता. इतका साफ चेंजओव्हर पंप हाउसमध्येही कधी झाला नाही.

बुधवार, १४ मे

बंद केलेल्या मशीनचं ओव्हरहॉलिंग करून ठेवायचं असतं. ए डबा फुल फॉरमॅटला लावला. क्विक नावाचंही एक बटण होतं, पण अर्धवट काम मी करत नाही. सोमवार दुपारपासून आज सकाळपर्यंत चाललं. ए डबा आता नव्यासारखा आहे.

तापमान ४४. कूलरचं पाणी दोनदा भरलं.

गुरुवार, १५ मे

मथुरा म्हणाली, शनिवारी बाई येईल, एकदा टीव्हीवर लावून पाहून घ्या. मी बी डबा लावला.

केक कापला गेला. पाच-सहा पोरं टाळ्या वाजवत होती. समीक्षाच्या नाकाला क्रीम.

बी डब्यात ती एकच फाइल आहे.

"हे काय होय?" मथुराने विचारलं.

मी म्हटलं, सिस्टिम शटडाउनमध्ये आहे. ती आत गेली. मी गच्चीवर जाऊन समीक्षाला फोन लावला. तिने चारच प्रश्न विचारले. बी डबा इतके दिवस चालू होता का? लाल चौकटीत काय लिहिलं होतं? चौकटी कोणी बदलल्या? शेवटचा प्रश्न विचारताना तिचा आवाज लहानपणीसारखा झाला होता.

"बाबा, फुल फॉरमॅट?"

"फुल."

मग तिने हळूहळू सांगितलं. बी बंद होता म्हणून त्यात कधी काही गेलंच नाही. लाल चौकट रोज तेच सांगत होती. मी चौकटी बदलल्या, दोन्ही डबे सोबत चालू ठेवले, आणि प्रोग्रॅमने रिकाम्या बीसारखा ए करून टाकला. तेव्हाही परत काढता आलं असतं. ओव्हरहॉलिंगनंतर नाही.

छत्तीस वर्षांत माझ्या शिफ्टला एक पंप ट्रिप होऊन बंद पडला नाही. सगळे नियम पाळले मी. एक नियम मोडला असता तरी सासूबाई वाचल्या असत्या.

मला रडू आलं, ते इथे लिहून ठेवतो. गच्चीवर कोणी नव्हतं.

शुक्रवार, १६ मे

सकाळीच भैयालालला घेऊन सुपेलाच्या भंगारवाल्याकडे गेलो. कॅसेटी पोत्यात तशाच होत्या. सदतीस परत मिळाल्या. अडतिसावी मी स्वतः कापली होती. त्या पट्टीचे तुकडे पोत्याच्या तळाशी सापडले, ते खिशात भरून आणले. उगाच.

परत येताना भैयालाल म्हणाला, "भाभीले मी सांगू का? म्हनीन, माह्याच हातून झालं. गुंडाच्या नाचाचं पुसायले गेलो अन् सारंच पुसलं."

चांगला माणूस आहे. मी नको म्हटलं. अलार्म माझ्या नावावर होता.

घरी मथुरा भाजी निवडत बसली होती. मी समोर उभा राहिलो आणि रिपोर्ट दिल्यासारखं सगळं सांगितलं. बी डब्याचं बटण, अलार्म, चेंजओव्हर, फॉरमॅट. मग खिशातले तुकडे काढून ताटात ठेवले, पालकाच्या बाजूला.

"तुह्या मायचा आवाज माह्या हातानं गेला, मथुरा," मी म्हटलं. घरी मी सहसा असं बोलत नाही, पुस्तकी बोलतो म्हणून ती चिडवते. आज निघालं.

तिने ताटाकडे बघितलं. तुकडे बाजूला सारून पालक निवडत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"जेवून घ्या," ती म्हणाली.

जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही. उद्या मनकर्णाताई येणार. स्टेशनवर घ्यायला मीच जाणार आहे, आणि तिथेच सांगणार आहे.

शनिवार, १७ मे

गाडी वीस मिनिटं लेट. दुर्ग स्टेशनच्या फलाटावर मी वाक्य पाठ करत उभा होतो. मनकर्णाताई उतरल्या. सत्तर वर्षांच्या, हातात पिशवी, पिशवीत आंबे. मी वाकून नमस्कार केला आणि सुरुवात केली, "ताई, एक दुर्घटना..."

"थांबा भाऊजी, पह्यले हे धरा," म्हणत त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या हातातला मोबाइल माझ्या कानाला लावला.

भिलाईची गाडी, तिले लोखंडाची चाकं.

मी फलाटावर उभाच राहिलो. मागून हमालाने ढकललं.

"दहा दिवसापासून आयकून राहिली मी," ताई म्हणाल्या. "रोज चार डाव. सारा ग्रुपच आयकून राहिला. नागपूरवाल्या पोरानं तं फोनची घंटी करून टाकली. तुमाले नाही आलं का?"

मला कसं येणार? मी चौसष्ट माणसांतून निघून गेलो होतो, जागा कमी पडते म्हणून.

त्या दिवशी मथुरा मोबाइल वाचत नव्हती. टीव्हीवरून मायचं गाणं उतरवून घेत होती, आणि पिठाच्या हातानेच ते ग्रुपवर टाकून मोकळी झाली होती. माझा सोळा टीबीचा रॅक, दहा डिस्का, रबराच्या पट्ट्या. आणि तिकडे एका बाईने एका बोटाने चौसष्ट ठिकाणी बॅकअप घेतला.

घरी येऊन मी विचारलं, काल सांगितलं का नाहीस? ती चहा गाळत होती.

"सव्वा महिना म्या रोज इचारलं, कोनती कॅसेट लावली म्हनून. तुमी रोज सांगतलं, आधी सिस्टिम. एक रात्र तुमी बी थांबून पाहा म्हटलं."

हे बरोबरच होतं.

मग समीक्षाने सांगितल्याप्रमाणे मोबाइल टीव्हीला जोडला. दोघी बहिणी दिवाणावर शेजारी बसल्या, मी खाली. भैयालालही आला, मागे उभा राहिला. चित्र हलतं, कडेला आमच्या टीव्हीची चौकट दिसते, कूलरची घरघर ऐकू येते. पण भीमाबाई होत्या. गात होत्या. आणि दुसऱ्या कडव्यानंतर एक पुरुषी आवाज आला, चांगला मोठा:

"ही बाई कधी कॅमेऱ्याकडे बघतच नाही!"

माझा आवाज. चौसष्ट लोकांनी दहा दिवस रोज ऐकलेला. नागपूरवाल्याच्या फोनची घंटी बहुतेक तिथवर वाजते.

भैयालाल खो खो हसला. मनकर्णाताई हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ते कावून पाह्यन कॅमेऱ्याकडं? लाईट धरून कोन उभं होतं?"

लाईट माझ्या डावीकडे असायचा. नेहमी. एवढ्या वर्षांत एकदाही जागा बदलली नाही, मीच ठरवली होती ती जागा. आणि तिथे कोण उभं असायचं हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. माहीत होतं. पण माझ्या लेखी तिथे हजार वॉटचा हॅलोजन होता.

बाई मांगं वळून पाह्य, असं त्या लेकीला म्हणत होत्या. लेक समोर उजेड धरून उभी होती आणि मी ओरडत होतो, लाईट वर घे म्हणून. ते ओरडणंही त्या गाण्यात आहे. आज पहिल्यांदा ऐकू आलं.

मथुरा टीव्हीकडेच बघत होती. मी तिच्याकडे बघितलं. पाचशे चाळीस कॅसेटींत ती कुठेच नसणार, हे मला पुढच्या पाचशे न लावताच कळलं.

रविवार, १८ मे

ग्रुपमध्ये परत घेतलं मला. मथुराने घेतलं. स्वागत म्हणून अकरा गुलाब आणि गरम पाण्याचे फायदे आले. सगळे ठेवले.

समीक्षाने दोन्ही डबे सुरू करून घेतले, आणि दोन्हींवर लाल टॅग लावायला लावला. मजकूर तिचा: बाबा, हात लावू नये. भैयालालने सही केली.

सदतीस कॅसेटी पुन्हा पहिल्यापासून उतरवायच्या आहेत. पण आज कॅसेट लावली नाही. संध्याकाळी मी मथुराला म्हटलं, ते गाणं तुला येतं का पूर्ण? येतं म्हणाली. मग गा, म्हटलं. ती म्हणाली, हट, आता या वयात. मनकर्णाताईंनी तिला ओढून खुर्चीवर बसवलं.

मोबाइल ताईंच्या हातात दिला. त्यांचं अर्धं बोट लेन्सवर येत होतं, ते मी बाजूला केलं आणि आणखी काही शिकवलं नाही. पंखा बंद, कूलर बंद. माळ्यावरून जुना हॅलोजन काढला, पुसला. लागला. मी तो घेऊन ताईंच्या डावीकडे उभा राहिलो.

केवढा जड असतो तो! आणि गरम. पहिल्याच कडव्याला खांदा भरून आला. याच्याखाली ती पूर्ण लग्नं उभी राहायची, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मथुरा गायली. आवाज थोडा फाटतो, पण चाल मायचीच. चार मिनिटं एकदाही कॅमेऱ्याकडे बघितलं नाही तिने. ताई म्हणाल्या, इकडं पाह्य ना गं. नाही बघितलं.

फाइल ए डब्यात, बी डब्यात आणि ग्रुपवर आहे. चित्र चांगलं आलंय, फक्त शेवटच्या कडव्यात सावल्या नाचतात. माझा हात हलत होता. कोणी ओरडलं नाही.